धनेशाच्या ढोलीचं झाड कोणाच्या सातबाऱ्यावर? बाव नदीच्या खोऱ्यातली घरटी

बावकाठचा | १९ फेब्रुवारी, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं, आता धनेशाच्या (हॉर्नबिलच्या) माद्या ढोलीत बसायला लागल्यात आणि तिकडे शिमगाही जवळ आलाय म्हणून आजच लिहितो.

मी संगमेश्वर तालुक्यात, मार्लेश्वरच्या खालच्या अंगाला बाव नदीच्या खोऱ्यात राहतो. वर सह्याद्रीचा कडा, कड्यापलीकडे चांदोली म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, २०१० साली झालेला, तिथे कोणी कुऱ्हाड घेऊन जाऊ शकत नाही. आणि कड्याच्या अलीकडे आमचं खोरं, इथलं जवळपास सगळं रान खाजगी. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यात जेमतेम एक टक्का जमीन आहे हे सांगितलं की लोकांना पटत नाही, कारण घाट उतरताना दोन्ही बाजूला नुसतं हिरवंगार दिसतं. पण ते हिरवं कोणाच्या तरी सातबाऱ्यावर आहे, आणि त्या सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं आहेत, त्यातली निम्मी मुंबईत.

आता धनेशाचं काय, तर त्याला स्वतःला ढोली कोरता येत नाही. चोच केवढी मोठी, पण सुतारपक्ष्यासारखं लाकूड फोडणं तिला जमत नाही. मोठी फांदी मोडून तिथे कुजून ढोली व्हायला लागते किंवा सुताराने केलेलं भोक वर्षानुवर्षं मोठं व्हावं लागतं, म्हणजे झाड जुनंच हवं, भला मोठा बेहडा, सातवीण, सावर नाहीतर रायवळ आंबा. मादी आत गेली की शेण, माती आणि फळांच्या गराचा लेप लावून तोंड बंद करून घेते, एक उभी फट तेवढी ठेवते. पुढचे तीन-चार महिने नर बाहेरून भरवतो. मादी आत पिसं झाडते, त्या काळात तिला उडताच येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये ते झाड आडवं झालं तर मादी, अंडी, पिल्लू सगळं एकदमच जातं. आणि झाड राहिलं तर तीच जोडी पुढच्या वर्षी त्याच ढोलीत परत येते, त्याच्या पुढच्या वर्षीही येते.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आमच्याकडे धनेश वाचवायचा म्हणजे झाडाच्या मालकाला धरून राहायचं. पक्षी किती दिसले, फोटो कसे आले हे सगळं त्याच्या नंतर. आम्ही काही जण घरट्यांवर लक्ष ठेवतो, नोंदी करतो, वणव्याच्या दिवसात झाडाभोवतीचा पालापाचोळा ओढून जाळरेषा काढतो, पण खरं काम ओट्यावर बसून चहा पिताना होतं. ज्यांच्या जमिनीत अशी झाडं आहेत, किंवा ज्यांच्या गावात असं काम चालू आहे, त्यांनी कृपया लिहा. शिमग्याला चाकरमानी येतात, सगळे भाऊबंद एका जागी भेटतात, वर्षात असा मोका गणपतीशिवाय दुसरा नाही.

माहेर_देवरूख | १९ फेब्रुवारी, रात्री १०:३०

किती छान विषय! आमच्या आजोळी गरुड म्हणायचे त्याला, पंखांचा आवाज झाला की आजी अंगणात बोलवायची. पण मला अजून नीट कळत नाही की गरुड, ककणेर, शिंगचोच हे सगळे एकच का वेगवेगळे? आता सोसायटीच्या मागे उंबरावर जो राखाडी येतो तो पण धनेशच ना? (मी ठाण्यात.) फोटो टाकायचा प्रयत्न करते.

बावकाठचा | १९ फेब्रुवारी, रात्री ११:०५

@माहेर_देवरूख, ठाण्यात येतो तो राखी धनेश, शहरातसुद्धा जुनी झाडं असली की राहतो, चोचीवर छोटं टोकदार शिंग आणि लांब शेपटी. त्याच्यासारखाच पण शिंगच नसलेला, आणि झाडीत बसून खदाखदा हसल्यासारखं ओरडणारा तो मलबारी राखी धनेश, हा फक्त पश्चिम घाटातला, जगात दुसरीकडे कुठे नाही. काळापांढरा, आमच्याकडे ककणेर म्हणतात तो मलबारी कवड्या धनेश. आणि आजीचा गरुड म्हणजे महाधनेश, चोचीवर पिवळं मोठं शिरस्त्राण, मान पिवळसर, पंख पसरले की पाच फुटांच्या आसपास, वजन दोन ते चार किलो. नराचे डोळे लाल, मादीचे पांढरट. त्याच्या पंखांचा तो आवाज जुन्या वाफेच्या इंजिनासारखा, पक्षी दिसायच्या आधी ऐकू येतो. भारतात धनेशाच्या ९ जाती आहेत, त्यातल्या ह्या ४ महाराष्ट्रात, आणि चारही कोकणात मिळतात हे आपलं भाग्यच म्हणायचं.

गंमत म्हणजे गावात ज्यांना आपण पक्षीनिरीक्षक म्हणत नाही त्या गुराख्यांना आणि काजूच्या बागेत राखणीला असणाऱ्यांना ह्या चौघांतला फरक आवाजावरून कळतो. घरटी पण त्यांनीच दाखवली आम्हाला.

लेन्सवाला_पुणे | २० फेब्रुवारी, सकाळी ७:४०

अप्रतिम माहिती. मी आणि माझे दोन मित्र मार्चमध्ये तिकडे यायचा प्लॅन करतोय, महाधनेशाचा नर मादीला भरवतानाचा फोटो हे खूप वर्षांचं स्वप्न आहे. लोकेशन व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंत तर फार उपकार होतील, आम्ही अजिबात त्रास देणार नाही, हाईड (लपून बसायचा आडोसा) लावून शांत बसू, वाटल्यास झाडमालकाला मानधन देऊ. दांडेलीला जाऊन आलो, तिथे कवड्या धनेश भरपूर मिळाले पण महाधनेशाचं घरटं नाही मिळालं.

गुरुजी_झेडपी | २० फेब्रुवारी, दुपारी १:१५

@लेन्सवाला_पुणे, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही, पण घरट्याचं लोकेशन देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. एकाला दिलं की त्याच्याकडून चौघांना जातं. नर फार बुजरा असतो, जवळ माणूस दिसला तर चोचीत फळं घेऊन लांबच्या झाडावर बसून राहतो, येतच नाही, आणि आत मादी आणि पिल्लू त्याच्या भरवशावर असतात. एक खेप चुकली तर काही होत नाही हो, पण शनिवार-रविवार सलग माणसं बसली तर खेपा किती चुकतील ह्याचा विचार करा. त्यातून मोबाईलवर आवाज वाजवून बोलावणं वगैरे प्रकार मी पाहिलेत, ते तर कुणीच करू नये.

मी खोऱ्यातल्याच एका जिल्हा परिषद शाळेत आहे. मुलांना आम्ही घरट्याजवळ नेत नाही. ती उंबर-वडाखाली जातात, कुठलं झाड कधी फळलं, कोण कोण खायला आलं ह्याची वही ठेवतात. फळलेल्या उंबरावर धनेश सहज दिसतो, त्याला त्रासही नाही, हरियाल, कुटुर्गा, कोतवाल सगळे येतात. फोटोसुद्धा उत्तम मिळतात. नोव्हेंबरात ५ ते १२ पक्षी सप्ताह असतो (५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला सलीम अलींचा), तेव्हा ह्या वह्या गावात वाचून दाखवतो. एका आजोबांनी वहीतली एक नोंद ऐकून सांगितलं की माझ्या बांधावरचा नांद्रुक तुम्ही लिहिलाच नाही, तो शिमग्यात फळतो. आणि दुसऱ्या दिवशी स्वतः मुलांना घेऊन गेले.

लेन्सवाला_पुणे | २० फेब्रुवारी, दुपारी ३:००

गुरुजी पटलं. फळलेल्या झाडाचं चालेल, नव्हे तेच बरं. गावात कोणाकडे घरगुती राहण्याजेवणाची सोय असेल तर तेवढं कळवा, पैसे गावातच गेलेले बरे. आणि ई-बर्डवर (पक्षीनोंदींची वेबसाइट) चेकलिस्ट, म्हणजे दिसलेल्या पक्ष्यांची यादी, टाकली तर चालेल ना?

बावकाठचा | २० फेब्रुवारी, रात्री ९:२०

@लेन्सवाला_पुणे, मनापासून आभार, असं ऐकून घेणारे भेटले की बळ येतं. चेकलिस्ट जरूर टाका, नोंद नसेल तर उद्या कोणी म्हणेल इथे धनेश नव्हतेच. फक्त घरटं दिसलं तर त्याचा नेमका पिन टाकू नका, टिप्पणीत झाडाचं वर्णन नको, फोटोत मागचा डोंगर ओळखू येईल असंही काही नको. जवळच्या गावाचा किंवा तालुक्याचा उल्लेख पुरे. राहण्याचं व्यनि करतो.

घरटं चालू आहे का हे बघायला त्याच्या तोंडासमोर जायचीच गरज नसते. लांबून दुर्बिणीने बघायचं, आणि नर गेल्यावर, तोही लगेच परत येणार नाही अशा वेळी, बुंध्याखाली ताज्या बिया आणि विष्ठा पडलीय का तेवढं पाहून निघायचं. फटीतून मादी विष्ठा आणि बिया बाहेर टाकते, त्यामुळे ढोलीच्या बरोबर खाली ढीग होतो. रानजायफळ, काजरा, भेर्ली माड, वड-उंबराच्या बिया असलेली विष्ठा, त्या ढिगावरून त्या जोडीने काय काय खाल्लं ते कळतं. दोन-तीन वर्षांचं घरटं असेल तर खाली रोपं उगवलेली असतात. नर उंबर घशातून एकेक करून काढतो आणि फटीतून देतो, कधीकधी सरडा, खेकडा, दुसऱ्या पक्ष्याचं पिल्लू पण आणतो, पिल्लू वाढत असताना मांस लागतंच.

तिलारीकर | २१ फेब्रुवारी, सकाळी ११:१०

दोडामार्गाकडून हात जोडून नमस्कार. इकडची परिस्थिती थोडी वेगळी आहे म्हणून लिहितो. तुमच्याकडे तोड, आमच्याकडे तोडीनंतर रबर आणि अननस. डोंगरच्या डोंगर लीजवर किंवा विकत गेले, सगळं उघडं करून रबर लावलं, त्यात धनेशाला खायला काहीच नाही. एखादा काजरा किंवा सातवीण बांधाला राहिला तरी एकटा पडतो. काजऱ्याचं तर कोणालाच काही वाटत नाही कारण बी विषारी, लाकूड फारसं कामाचं नाही, गुरं खात नाहीत, मग ठेवायचं कशाला असा विचार. पण कवड्या धनेश काजऱ्याचा गर आवडीने खातो आणि बी टाकून देतो. आमच्याकडे थंडी-उन्हाळ्यात काजऱ्यावर ककणेरांचे थवे बसलेले असतात, हे दृश्य ज्याने पाहिलंय त्याला काजरा तोडवणार नाही.

एकट्या पडलेल्या झाडाचा आणखी एक धोका म्हणजे वारा. आजूबाजूचं रान असलं की वारा अडतो, ते गेलं की पोकळ बुंध्याचं जुनं झाड उघड्यावर उभं राहतं. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते, दोन्ही वादळांत कोकणात किती जुनी झाडं गेली ते सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून 'एक ढोलीचं झाड ठेवलं की झालं' असं कोणी समजू नये, त्याच्याभोवतीची झाडी पण हवी.

लालबाग_ते_कोकण | २१ फेब्रुवारी, रात्री ११:३०

हा धागा वाचून राहवलं नाही. आमची पण वडिलोपार्जित जागा तुमच्याच तालुक्यात आहे (गाव व्यनित सांगतो). तिथे एक बेहडा आहे, चार माणसांच्या कवेत येणार नाही असा, आणि त्यात दरवर्षी गरुड असतो हे मी लहानपणापासून बघत आलोय. यंदा ठेकेदार आला होता, पूर्ण जंगल एकरकमी मागतोय. सातबाऱ्यावर चुलते, चुलतभाऊ, आत्या धरून बरीच नावं आहेत, कोणी लालबागला, कोणी नालासोपाऱ्याला, एक बडोद्याला. एका चुलतभावाला खरंच पैशाची गरज आहे, घरात आजारपण आहे, त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू की पक्ष्यासाठी थांब? पण बेहडा गेलेला मला बघवणार नाही. कायद्याने काही करता येतं का? बेहड्याला तोडबंदी नाही का?

बावकाठचा | २२ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

@लालबाग_ते_कोकण, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत, कारण हाच प्रश्न घराघरात आहे.

आधी कायद्याचं. १९६४ चा महाराष्ट्राचा झाडं तोडण्याच्या नियमनाचा कायदा आहे, त्यात आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ, खैर अशा ठरावीक झाडांची यादी आहे, ती मालकाच्या जमिनीत असली तरी परवानगी लागते. बेहडा आणि सातवीण त्या यादीत नाहीत, आणि धनेशाला नेमकी तीच लागतात. दुसरीकडे महाधनेश १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे चालू घरटं असताना झाड पाडणं गुन्हाच आहे, मादी आत असताना तर वनखात्याला कळवून तोड थांबवता येते. पण हे हत्यार पहिल्यांदा काढू नका. एकदा का घरात 'पक्ष्यामुळे केस झाली' असं झालं की पुढच्या वर्षी मादी बसायच्या आधी, डिसेंबरातच, कोणाला न सांगता झाड जाईल. आणि शेजारच्यानेही आपलं घरटं कोणाला दाखवायचं नाही असं ठरवलेलं असेल.

चुलतभावाच्या गरजेचं म्हणाल तर ती गरज खरी आहे आणि तिच्यापुढे कुणीही पक्षीप्रेमाचं भाषण देऊ नये. आम्ही जे करतो ते असं, की तोड द्यायचीच असेल तर द्या, पण ढोलीचं झाड आणि त्याच्या आजूबाजूचा एक तुकडा वगळून द्या. ठेकेदाराला बेहड्याच्या पोकळ बुंध्यातून तसंही फार काही मिळत नाही, तो एकरकमी सौद्यात फुकटच जातो. ते झाड वगळलं म्हणून रक्कम फारशी खाली येत नाही हे चुलतभावाला आकड्यात दाखवा, ठेकेदाराला समोर बसवून विचारा. बऱ्याच ठिकाणी इथेच काम होतं. आणि शक्य असेल तर ओढ्याकाठचा पट्टा पण वगळा, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी कशामुळे टिकतं हे तुमच्या आत्याला माहीत असणार, त्यांना बोलायला सांगा. घरातल्या बायका ह्या बाबतीत जास्त ठाम असतात असा माझा अनुभव आहे.

आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या मालकाने ठेकेदाराला तोंडावर सांगितलं होतं, "त्या झाडात जोडपा संसार करताय, मी हाय तवर त्येला हात नाय लावायचा." त्यांच्या पश्चात मुलांनी ते पाळलंय.

तेजपूरहून | २२ फेब्रुवारी, रात्री ८:१५

मी मूळचा सांगलीचा, नोकरीनिमित्त आसामात आहे, इथून पक्के व्याघ्र प्रकल्प (अरुणाचल) जवळ पडतो म्हणून दोनदा जाणं झालं. तिथे धनेशांच्या घरट्यांसाठी जे काम चाललंय ते इथे सांगण्यासारखं आहे. निशी समाजात पारंपरिक टोपीवर धनेशाची चोच लावायची पद्धत होती, त्यासाठी शिकार व्हायची. नंतर फायबरग्लासच्या चोची वाटल्या गेल्या आणि त्या स्वीकारल्याही गेल्या. पुढे २०११-१२ पासून घरटं दत्तक योजना सुरू झाली, नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन, वनखातं आणि घोरा-आभे ही गावबुऱ्यांची (तिथल्या गावप्रमुखांची) संस्था मिळून. अपराजिता दत्ता ह्यांचं ह्या संशोधनात मोठं काम आहे. शहरातली माणसं वर्गणी देतात, त्यातून गावातल्या माणसांना घरटी राखायचा पगार मिळतो, आणि हे राखणारे बरेचसे आधीचे शिकारी आहेत. शिकारीला जाऊन जाऊन त्यांना रान पाठ, आता तीच नजर घरटी शोधायला वापरतात.

थायलंडच्या दक्षिणेला बुडो डोंगरात पिलाई पूनस्वाड ह्या संशोधिकेने असंच केलं, पिल्लं चोरणाऱ्या गावकऱ्यांनाच राखणदार केलं. तिथे जुन्या ढोल्यांची दुरुस्तीही करतात, म्हणजे ढोलीचा तळ कुजून खोल गेला तर माती भरून वर आणायचा, तोंड अरुंद झालं तर थोडं मोठं करायचं, शिवाय कृत्रिम घरटीही लावतात. कोकणात पगारी राखणदार ठेवता येतील का? निधी उभा करायला मी मदत करीन.

बावकाठचा | २२ फेब्रुवारी, रात्री १०:००

@तेजपूरहून, खूप मोलाची माहिती. पण एक फरक लक्षात घ्यायला हवा, पक्केच्या आसपासचं रान बहुतेक सरकारी आहे, तिथे राखणदार शिकाऱ्याला अडवतो. इथे राखणदार कोणाला अडवणार, मालकालाच? शिकार आमच्याकडेही होती, औषधाला म्हणून चरबी काढायला धनेश मारायचे, ते आता बरंच कमी झालंय. मुख्य धोका तोडीचा आहे. म्हणून पगारापेक्षा मालकाचा मान राहील असं काहीतरी हवं. देवरूखकडे धनेशमित्र म्हणून गावागावातल्या माणसांना जोडण्याचं काम संस्थांनी सुरू केलंय, ज्यांच्या जमिनीत घरटं त्यांचा सगळ्यांसमोर सन्मान, मला ही दिशा बरोबर वाटते. पैसा लागेल तो नर्सरीला आणि वणवा विझवण्याच्या साहित्याला, तिथे तुमची मदत नक्की घेऊ.

ढोली दुरुस्तीचं मात्र अनुभवी माणसाशिवाय कुणी करू नये, झाडावर चढून उघडझाप केली तर जोडी ती ढोली सोडू शकते.

जुना_सभासद | २३ फेब्रुवारी, सकाळी १०:२५

धनेशाचं आणि मुंबईचं नातं जुनं आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या बोधचिन्हावर महाधनेश आहे, तो विल्यम नावाचा पाळीव धनेश होता, सोसायटीच्या ऑफिसात १८९४ ते १९२० म्हणजे तब्बल २६ वर्षं राहिला. म्हणूनच त्यांच्या मुंबईतल्या वास्तूचं नाव हॉर्नबिल हाऊस. इतकी वर्षं जगणारा पक्षी असल्यामुळे एक गोष्ट होते, रान तुटलं तरी जुनी जोडी वर्षानुवर्षं त्या भागात दिसत राहते, लोकांना वाटतं धनेश आहेत की अजून. पण त्यांना घरटंच मिळत नसेल तर नवीन पिल्लं कुठून येणार? महाधनेश एक-दोन अंडी घालतो आणि बहुतेक वेळा एकच पिल्लू बाहेर पडतं. म्हणून नुसत्या 'दिसला' ह्या नोंदीपेक्षा 'पिल्लू उडालं' ही नोंद लाख मोलाची. बावकाठकर, तुम्ही ती ठेवता का?

बावकाठचा | २३ फेब्रुवारी, दुपारी २:३०

@जुना_सभासद, हो, तीच ठेवतो. मादी बसल्याचा आठवडा, नर शेवटचा भरवताना दिसला तो दिवस, लेप कधी फुटला, पिल्लू दिसलं का. पाऊस लागायच्या सुमारास, मेअखेर ते जून, पिल्लं बाहेर येतात, तेव्हा आमची सगळ्यात जास्त धावपळ.

गुरुजी_झेडपी | २३ फेब्रुवारी, सायं. ५:४५

देवरहाटींबद्दल (देवाच्या नावाने राखलेलं रान) एक मुद्दा राहिला. खोऱ्यात बऱ्याच गावांना देवरहाट आहे आणि तिथली झाडं सगळ्यात जुनी आहेत, ढोल्याही तिथे मिळतात. पूर्वी देवाला कौल लावल्याशिवाय काठीही उचलत नव्हते. आता देवळाच्या जीर्णोद्धारासाठी रहाटीतली झाडं विकून पैसे उभे करतात, सिमेंटचं देऊळ होतं आणि रहाट उघडी पडते. इथे मानकऱ्यांशी आणि गुरवांशी बोलायला हवं, बाहेरच्याने जाऊन उपयोग नाही. आमच्या बाजूच्या एका गावात जीर्णोद्धाराच्या बैठकीत शाळेच्या मुलांनी वहीतल्या नोंदी वाचल्या, कुठल्या झाडावर काय राहतं, आणि बैठकीने वर्गणी वाढवून घेतली, झाडं ठेवली.

२००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. अनेक ठिकाणी ती कपाटात आहे. त्यात गावातल्या जुन्या झाडांची नावं नोंदवून घ्या, ढोलीचा उल्लेख नको, नुसतं जुनं झाड म्हणून.

आणि ओढ्याकाठाबद्दल बावकाठकर म्हणाले ते बरोबर, पाऊस पडला की तिबोटी खंड्या तिथल्या मातीच्या कडेत बीळ करून घरटं करतो. रस्तारुंदीकरणात त्या कडा जेसीबीने खरवडल्या जातात, ठेकेदाराला सांगून ते काम पावसाळ्यानंतर करायला लावता आलं तर बघा.

माहेर_देवरूख | २४ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

नर्सरीबद्दल सांगाल का? मी मे महिन्यात माहेरी जाते, मुलांना घेऊन काही करता येईल का?

बावकाठचा | २४ फेब्रुवारी, रात्री ९:१५

@माहेर_देवरूख, नक्की या. घरट्याखाली आणि फळझाडांखाली पडलेल्या बिया गोळा करून, धुवून, लगेच पिशवीत लावायच्या. रानजायफळाची बी वाळली की मरते, त्यामुळे ठेवून नंतर लावू असं चालत नाही. पहिला पावसाळा पिशवीत, जमलं तर दुसराही, मग मालकाच्या परवानगीने ओढ्याकाठी किंवा बांधावर. उंबर, वड, नांद्रुक हे फांदीने पण लागतात. हे झाड ढोलीचं व्हायला पन्नास-शंभर वर्षं लागतील हे खरं, पण फळं त्याच्या खूप आधी मिळतात, आणि खायला मिळालं तर जोडी खोरं सोडत नाही.

लालबाग_ते_कोकण | शिमग्यानंतर, रात्री १२:०५

मंडळी, पालखी नाचवून आलो, बोलणं झालं. सगळे भाऊबंद एकत्र बसले होते. आत्या पहिली उठली आणि म्हणाली बेहड्याला हात लावायचा नाही, मग बाकीचे नरमले. चुलतभावाला ठेकेदाराने खरंच जवळजवळ तीच रक्कम कबूल केली, बेहडा, त्याच्या खालचा ओढा आणि वरच्या बाजूची सातवीण वगळून. तोडही मादी बाहेर आल्यावर, पावसाळा संपल्यावर करायचं ठरलं. बडोद्याच्या भावाचा फोन लागत नव्हता, त्याची सही राहिलीय. आता कागद करायचाय. त्यात काय काय लिहू? मी वकील नाही, ठेकेदार पण स्टँपपेपर घेऊन तयार आहे.

बावकाठचा | दुसऱ्या दिवशी, सकाळी ६:३०

वा!! आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा. बडोद्याच्या सहीशिवाय कागद पुरा करू नका, नंतर तोच मुद्दा निघतो. लिहिताना 'मोठं झाड वगळून' असं मोघम नको. गट नंबर, झाडाचं नाव बेहडा, छातीच्या उंचीला बुंध्याचा घेर किती ते मोजून टाका, सातवणीचं पण तसंच. वगळलेल्या तुकड्याच्या चारही हद्दी लिहा, ओढा, गडगा (दगडी कुंपण), पायवाट जे असेल ते, आणि कागदाला हाताने काढलेला नकाशा जोडा. तोडलेलं झाड पडताना बेहड्यावर पडू नये आणि लाकूड ओढायची वाट त्या तुकड्यातून काढू नये हे स्वतंत्र कलम करा, ह्यानेच जास्त नुकसान होतं. झाडावर रंगाची किंवा कुऱ्हाडीची खूण करू नका, तोडायच्या झाडांना तशीच खूण असते, मजुरांचा घोळ होईल. त्यापेक्षा तोड सुरू होईल त्या दिवशी तुमच्यापैकी एक जण जागेवर हजर राहा आणि मुकादमाला झाड हात लावून दाखवा. मुंबईहून कोणाला जमत नसेल तर तारीख कळवा, मी जातो.